गेरू आणि पांढरा: घरातली एक भिंत दोनच रंगांत सजवताना

कोकणातल्या आणि गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यातून उमटलेली लाल कावेची, म्हणजे लाल मातीची, नक्षी पाहायला मिळते. पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर याच्या नेमके उलटे असते, तिथे गेरूने सारवलेल्या तांबूस भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रे रेखली जातात. एकीकडे पांढऱ्यावर लाल आणि दुसरीकडे लालवर पांढरे असले, तरी दोन्हीकडचे रंग तेच दोन आहेत. घरातील एखादी भिंत प्रथमच स्वतःच्या हाताने सजवू पाहणाऱ्यांना मी याच दोन रंगांपासून सुरुवात करण्याचा आग्रह धरतो. रंगांची निवड आधीच झालेली असली की नवशिक्याचे सगळे लक्ष भिंतीची तयारी आणि रेषा या खऱ्या अवघड गोष्टींकडे राहते. शिवाय ही जोडी आपल्या हवेत, आपल्या उन्हात आणि आपल्या लाकडी-पितळी वस्तूंच्या सोबतीत शतकानुशतके टिकलेली आहे.

पुढे दोन पर्याय सविस्तर दिले आहेत. पहिला कावीच्या वळणाचा स्टेन्सिलने छापलेला पट्टा आणि दुसरा गेरूच्या भिंतीवरील वारली पद्धतीचे चित्र. तयारी दोन्हींसाठी सारखीच आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही.

भिंत कोणती घ्यावी

खोलीत शिरताच समोर येणारी, दारे-खिडक्या कमी असलेली आणि मोठे कपाट न टेकवलेली भिंत निवडावी. एका खोलीत एकच भिंत सजवावी आणि उरलेल्या तिन्ही भिंती पांढऱ्या किंवा अगदी फिक्या ठेवाव्यात. गेरूचा रंग प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे एकच लहान खिडकी असलेल्या खोलीत संपूर्ण भिंत गेरूची केली तर खोली दुपारीही अंधारी वाटू लागते. अशा खोलीत पहिला पर्याय, म्हणजे खाली गेरूचा पट्टा आणि वर पांढरे, अधिक शोभतो. जुन्या घरांच्या भिंतींना पायथ्याशी गेरूचा पट्टा ओढण्याची रीत याच विचारातून पटते. हात, पाय, खुर्च्या आणि केरसुणी जिथे लागतात तिथे गडद रंग असतो आणि नजरेच्या उंचीला उजेड राहतो.

न्हाणीघराला किंवा स्वयंपाकघरातील मोरीला लागून असलेली भिंत शक्यतो घेऊ नये. मी माझी पहिली सजवलेली भिंत नेमकी अशीच निवडली होती. मार्च महिन्यात तीन दिवस खपून काढलेल्या चित्राखाली गणपतीपर्यंत लोणा उमटला आणि पांढऱ्या क्षारांनी फुगलेले पोपडे नाचणाऱ्या आकृत्यांसह गळून पडले. चूक रंगाची नव्हती, ओल तपासण्याचे एका दिवसाचे काम मी केले नव्हते.

ओल, जुना रंग आणि तयारी

ओल तपासण्याची पद्धत सोपी आहे. साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा टेपने हवाबंद चिकटवाव्यात आणि २४ तास, शक्य असल्यास ४८ तास तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले तर भिंतीतून ओल येते आहे. बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर ती खोलीतल्या हवेची आर्द्रता आहे. भिंतीत ओल असेल तर आधी गळती शोधून ती बंद करावी आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. ओलीवर कितीही चांगला रंग चढवला तरी तो टिकत नाही. नव्या गिलाव्यालाही पुरेसा वेळ द्यावा लागतो, २८ दिवसांच्या आत त्यावर रंगाचा विचारही करू नये. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत हे काम ऑक्टोबर ते मे या काळातच करावे, कारण पावसाळ्यात रंगाचा एक हात, म्हणजे एक थर, वाळायला चार तासांऐवजी दिवस लागतो आणि आत अडकलेला ओलावा नंतर त्रास देतो.

यानंतर जुना रंग पाहावा. तळहात भिंतीवरून दाबून फिरवावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर खाली चुना किंवा साधे डिस्टेंपर आहे आणि त्यावर इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग, धरणार नाही. ते पत्र्याने खरवडून, ओल्या फडक्याने पुसून, पक्का थर लागेपर्यंत काढावे लागते. जुना रंग घट्ट आणि गुळगुळीत असेल तर तो पॉलिश पेपरने हलका घासून खरखरीत केला म्हणजे पुरते. येथे एक इशारा गांभीर्याने द्यावासा वाटतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. अशा जुन्या चकचकीत रंगाच्या भिंती कोरड्या घासू नयेत. पाणी मारून ओल्याच घासाव्यात, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि लहान मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या काळात त्या खोलीपासून दूर ठेवावे.

भेगा आणि खिळ्यांची भोके पुट्टीने भरावीत. पुट्टीचा एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावण्यापूर्वी भिंत पाण्याने थोडी ओलसर करावी लागते, ॲक्रिलिक पुट्टीला त्याची गरज नसते. पुट्टी वाळल्यावर आधी १८० आणि मग ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावे. भिंत खरोखर सपाट झाली की नाही हे समोरून पाहून कळत नाही. रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला की प्रत्येक उंचवटा आपली सावली टाकतो आणि दुरुस्तीची जागा स्वतःहून दाखवतो. घासलेली सगळी धूळ कोरड्या आणि मग पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, नंतर पाण्यात मिसळणाऱ्या प्रायमरचा एक हात द्यावा आणि तो रात्रभर वाळू द्यावा. स्विचबोर्डाभोवती काम करताना मुख्य स्विच बंद करून झाकणे काढून ठेवणे, निदान ती टेपने नीट झाकणे, हे सांगायची गरज पडू नये, पण घाईत नेमके तेच राहून जाते.

रंग कोणता आणि किती

गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल झालेली माती. खरा गेरू पाण्यात कालवून फ्लॅटच्या भिंतीला लावता येतो, पण तो हाताला आणि कपड्यांना लागत राहतो. म्हणून घराच्या आत इमल्शनमध्येच गेरूची छटा करून घ्यावी. दुकानात छटांचे पुस्तक पाहताना शेंदरी किंवा विटकरी-गुलाबी झाक असलेल्या छटा टाळाव्यात आणि मातकट, किंचित तपकिरीकडे झुकणारा लाल निवडावा. यामागे केवळ आवड नाही. लोहयुक्त मातकट रंगद्रव्य खालचा थर चांगले झाकते आणि उन्हाने सहसा फिकट पडत नाही, तर झगझगीत लाल छटांना खालचे पांढरे झाकायला तीन-चार हात लागतात.

पांढराही विचारपूर्वक घ्यावा. निळसर झाक असलेला अतिशुभ्र पांढरा गेरूशेजारी ट्यूबलाइटखाली बोचरा दिसतो. चुना किंवा तांदळाचे पीठ यांची शुभ्रता किंचित उबदार असते, तेव्हा पिवळ्याचा एखादा थेंब पडल्यासारखी छटा निवडावी. दोन्ही रंग आधी जाड पुठ्ठ्यावर दोन-दोन हात देऊन लावावेत आणि तो पुठ्ठा सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिव्याखाली त्याच भिंतीला टेकवून पाहावा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात गेरू थंड आणि काळसर होतो, ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात तो खुलतो. त्यामुळे कधी कधी रंग बदलण्यापेक्षा दिवा बदलणे स्वस्त पडते.

रंगाचे प्रमाण काढण्यासाठी १२ फूट लांब आणि ९ फूट उंच भिंत धरू. तिचे क्षेत्रफळ १०८ चौरस फूट आणि दोन हातांचे २१६ चौरस फूट झाले. गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये एका हाताला सुमारे १२० चौरस फूट होतात असे मानले, तर २ लिटर रंग पुरतो. डब्यावर दिलेला आकडा याहून मोठा असू शकतो, पण तो चांगल्या हाताच्या रंगाऱ्यासाठी असतो. नवशिक्याने थोडे जास्तच धरावे. गेरू चमकविरहित घेतला तर भिंतीचे उंचसखलपण लपते आणि चित्र मातीच्या भिंतीच्या जवळ जाते. मात्र अशा पृष्ठभागावर नखाचा साधा ओरखडाही पांढरा उमटतो. म्हणून चित्राच्या भिंतीला चमकविरहित आणि खुर्च्या घासल्या जाणाऱ्या खालच्या पट्ट्याला हलकी चकाकी असलेले इमल्शन घ्यावे.

रंग लावताना कडा आणि कोपरे आधी ब्रशने भरून लगेच रोलर चालवावा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न थांबता जावे आणि नवा भाग नेहमी आधीच्या ओल्या कडेत मिसळावा. कड वाळल्यावर पुन्हा तिथून सुरुवात केली तर गडद रंगात जोड कायमचा दिसतो. दोन हातांमध्ये किमान चार तास जाऊ द्यावेत.

पहिला पर्याय: कावीच्या वळणाचा पट्टा

मूळ कावी कला चुन्याच्या गिलाव्याची आहे. पांढऱ्या ओल्या गिलाव्यावर कावेचा लाल थर देऊन, तो वाळण्यापूर्वी टोकदार हत्याराने नको तेवढा लाल भाग खरवडून काढतात आणि खालचा पांढरा उघडा पाडतात. गोव्यात पेडणे तालुक्यातील मोरजी येथील मोरजाईच्या मंदिरात हे काम पाहता येते आणि संधी मिळाल्यास घराची भिंत रंगवण्यापूर्वी ते जवळून पाहावे. रेषांचा ठामपणा छायाचित्रांत कळत नाही. पुट्टी आणि इमल्शनच्या भिंतीवर ही कृती जशीच्या तशी करता येत नाही, कारण इमल्शनचा पापुद्रा खरवडताना फाटतो आणि कडा ओबडधोबड निघतात. तेव्हा आपण कृती नव्हे तर तिचे वळण घ्यायचे आणि लाल आकृती स्टेन्सिलने छापायची.

माझ्या पसंतीची मांडणी अशी आहे. जमिनीपासून ९० सेंटिमीटरपर्यंत गेरूचा सलग पट्टा, त्याच्या वर सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीची लाल-पांढरी नक्षीची पट्टी आणि त्यापुढे छतापर्यंत पांढरे. आधी संपूर्ण भिंत पांढरी रंगवून दोन दिवस वाळू द्यावी. पट्ट्याची रेषा जमिनीपासून मोजून आखू नये, कारण फरशी क्वचितच समपातळीत असते. पाणी भरलेल्या पारदर्शक लेव्हल नळीने दोन्ही टोकांना खुणा कराव्यात आणि खडूच्या भुकटीत बुडवलेली सुतळी ताणून झटका द्यावा, म्हणजे सरळ रेषा उमटते. त्या रेषेवर मास्किंग टेप लावून तिची खालची कड बोटाने घट्ट दाबावी आणि त्या कडेवर प्रथम पांढऱ्याच रंगाचा पातळ हात फिरवावा. टेपखाली जो काही रंग झिरपायचा तो पांढऱ्यावर पांढरा असल्याने दिसत नाही, फटी बुजतात आणि त्यानंतर दिलेल्या गेरूची कड सुरीने कापल्यासारखी येते. दुसरा हात किंचित ओला असतानाच टेप तिरकी ओढत काढावी. रंग पूर्ण वाळल्यावर काढलेली टेप आपल्यासोबत रंगाचे तुकडे घेऊन जाते.

नक्षीसाठी कंपासने काढता येणारे सहा पाकळ्यांचे फूल घ्यावे. एक वर्तुळ काढावे, कंपासचे अंतर न बदलता त्याचे टोक परिघावर कुठेही ठेवून वर्तुळाच्या आत चाप ओढावा. चाप परिघाला जिथे मिळतो तिथे टोक ठेवून पुढचा चाप, असे करत गेले की सहा चापांत सहा पाकळ्या आपोआप पूर्ण होतात. हे चित्र जुन्या एक्स-रे फिल्मवर किंवा जाड पारदर्शक ओएचपी शीटवर उतरवून धारदार कटरने पाकळ्या कापाव्यात. पाकळ्यांची टोके केंद्राशी एकमेकींना भिडू देऊ नयेत. मध्ये तीन-चार मिलिमीटरचे पूल सोडले नाहीत तर स्टेन्सिल हातात तुटते.

छापण्यापूर्वी गणित करावे. १२ फुटांची भिंत म्हणजे सुमारे ३६६ सेंटिमीटर. ३० सेंटिमीटरची आकृती १२ वेळा बसली की ३६० होतात आणि ६ सेंटिमीटर उरतात. हे ६ सेंटिमीटर शेवटी एका कोपऱ्यात न सोडता प्रत्येक आकृतीमागे अर्धा सेंटिमीटर वाटून द्यावेत, म्हणजे दर ३०.५ सेंटिमीटरला एक खूण येते. स्पंजाला रंग अगदी थोडा लावावा, वर्तमानपत्रावर टिपून जवळजवळ कोरडा करावा आणि भिंतीवर घासण्याऐवजी सरळ टेकवत जावे. एका दमात गडद करण्याचा मोह धरला की रंग स्टेन्सिलखाली शिरतो, त्यापेक्षा तीन हलके थर द्यावेत. दर दोन-तीन छापांनंतर स्टेन्सिलची मागची बाजू पुसावी. शेजारची आकृती ओली असेपर्यंत तिच्यावर स्टेन्सिल टेकू नये म्हणून आधी एक सोडून एक आकृती छापावी आणि मग रिकाम्या जागा भराव्यात.

दुसरा पर्याय: गेरूवर वारली

वारली चित्र सोपे वाटते, कारण त्यात वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढेच आकार आहेत. पण याच साधेपणामुळे चूक लपवायला जागा नसते. ही एका समाजाची जिवंत परंपरा आहे, हेही काम सुरू करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. लग्नात सवाशिणी काढतात तो देवचौक आणि त्यातली पालघट देवी यांना विधीत स्थान आहे. सोफ्यामागची शोभा म्हणून तो काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेती, झाडे, पाखरे, मासेमारी, घरे आणि तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा तारपा नाच हे विषय पुरेसे आहेत. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे विधीच्या चौकटीबाहेर कागदावर आणि कापडावर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मोठी, पाहुण्यांना दाखवण्याची भिंत करायची असेल तर ती वारली कलाकाराकडून मोबदला देऊन करून घेणे हा सर्वांत उत्तम मार्ग आहे. स्वतःच्या हौसेसाठी काढायचे असेल तर पुढे वाचावे.

आधी खाकी कागदावर आठवडाभर केवळ माणसे काढावीत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड होते. वरचा त्रिकोण खांद्यांचा आणि खालचा कमरेचा. हे दोन त्रिकोण एका रेषेत न ठेवता थोडे कलते ठेवले की माणूस चालू लागतो, वाकतो, नाचतो. नवशिक्यांच्या आकृत्या निर्जीव वाटतात त्या सगळ्या सरळ उभ्या असल्यामुळे. डोळे, नाक आणि निरनिराळे रंग यांची भर घालू नये.

भिंतीवर आराखडा पेन्सिलीने न करता पांढऱ्या खडूने हलका काढावा. पेन्सिलीची रेष गेरूवर चकाकते आणि निघत नाही, खडू ओल्या फडक्याने पुसला जातो. तारपा नाचाचे वेटोळे हा या चित्राचा गाभा आहे आणि ते नुसत्या हाताने काढताना हमखास बिघडते. त्यासाठी सुमारे ६ सेंटिमीटर व्यासाची एक गोल डबी घ्यावी, तिच्याभोवती ६० सेंटिमीटर दोरा गुंडाळावा आणि मोकळ्या टोकाला खडू बांधावा. एकाने डबी भिंतीवर, जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास, फिरू न देता घट्ट धरावी आणि दुसऱ्याने दोरा ताणलेला ठेवून खडू भिंतीवर फिरवत न्यावा. प्रत्येक फेऱ्याला डबीच्या परिघाएवढा, म्हणजे साधारण १९ सेंटिमीटर दोरा सुटतो. त्यामुळे वेटोळ्याच्या दोन रेषांत सगळीकडे तेवढेच अंतर राहते आणि त्यात १२ सेंटिमीटर उंचीची माणसे मोकळी बसतात. तीन फेऱ्यांत दोरा संपतो. केंद्रात तारपा वाजवणारा, त्याच्या हातात भोपळ्याचा आणि बांबूचा तारपा आणि वेटोळ्यावर एकमेकांच्या कमरेत हात घातलेल्या नाचणाऱ्यांची साखळी काढावी. वेटोळ्याच्या बाहेरचा भाग झाडे, कोंबड्या, झोपड्या यांनी बऱ्यापैकी दाट भरावा. चार आकृत्या चार कोपऱ्यांत विखुरल्या की भिंत भेटकार्डासारखी दिसू लागते.

वारली कलाकार कुंचला म्हणून टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी वापरतात. इमल्शनच्या भिंतीवर १, २ आणि ४ क्रमांकाचे गोल ब्रश सोयीचे पडतात. पांढऱ्या इमल्शनमध्ये थोडे पाणी घालून ते रेषेत न थांबता वाहील, पण ओघळणार नाही, इतपत पातळ करावे. हात थरथरत असेल तर काठीच्या टोकाला कापडाचा बोळा बांधून ती भिंतीला टेकवावी आणि मनगट तिच्यावर ठेवावे. काम वरून खाली आणि उजवा हात असल्यास डावीकडून उजवीकडे न्यावे, म्हणजे ओल्या रेषांना बाही लागत नाही. चुकलेली रेष लगेच ओल्या फडक्याने पुसावी. वाळल्यानंतर लक्षात आली तर तिच्यावर गेरूच लावून झाकावी.

भिंत पूर्ण झाल्यावर निदान दहा दिवस ती पुसू नये आणि तिला सामान टेकवू नये. नंतर धूळ मऊ कोरड्या कापडाने झटकली म्हणजे पुरते. वर वार्निश चढवण्याची गरज नसते, त्याने चमकविरहित भिंतीचा मातीपणा निघून जातो. दोन्ही रंगांचा थोडा-थोडा उरलेला भाग काचेच्या लहान बरण्यांत काठोकाठ भरून ठेवावा, झाकणावर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहावी आणि पहिला ओरखडा पडेल तेव्हा त्यातूनच बारीक ब्रशने दुरुस्ती करावी.